बारा वर्षांचा श्रीपत

मी मुंबईत कोड लिहितो. सुट्टीत नांदेडला घरी आलो की चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग घेतो. धडा संपला की विचारायचो, "मग या आठवड्यात काय करणार?" मुलं म्हणायची, खोटं बोलणार नाही. सगळे खूश.

एकदा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट झाली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, गल्ली झाडणाऱ्या मावशींना मी आमच्याच पेल्यातून पाणी देणार." दिलंही. आजीने तो पेला वेगळा काढून ठेवला. (हो, चर्चला जाणाऱ्या घरातही.) संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला: "पोरीला काय शिकवलंत?"

तेव्हापासून श्रीपत शेषाद्री डोक्यातून जात नाही. त्याचा थोरला भाऊ नारायण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. श्रीपत तेव्हा साधारण बारा वर्षांचा. भावामागोमाग तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तिथे जेवला. प्रकरण कोर्टात गेलं. अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं. घर मिळालं, पण जात? 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या. सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका पोराच्या जेवणावरून एवढं भांडण. त्या पोराला काय वाटत होतं, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही.

नारायण मोठा होता, त्याने निभावून नेलं. पुढे तो आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, जालन्याला आला. निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्याने बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आलेल्यांत बरेच जण मांग समाजातले. ज्यांच्या हातचं पाणी त्याच्या घरात कधी चाललं नसतं, त्यांच्यात तो आयुष्य घालवायला आला. आमची मुंबईची गाडी जालन्यावरूनच जाते. इतकी वर्षं मी तिथे फक्त चहा घेत होतो.

धडा अमलात आणा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर नारायण असायचा. वर्गात बसलेले मात्र सगळे श्रीपतच्या वयाचे. प्रश्न मी बंद केलेला नाही. त्याच्यापुढे आणखी एक जोडलाय: "घरी कोण रागावेल?"

येत्या रविवारी वर्ग सुटला की त्या मुलीच्या आजीकडे जाणार आहे. पाणी मागणार आहे, त्याच पेल्यातून.