अर्धवट सुटलेली पदवी

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या पोरांना तोंडपाठ असते. जयंतीच्या व्यासपीठावरून ती नेमाने म्हटली जाते. पण 1917 ते 1920 या तीन वर्षांपाशी कोणी थांबत नाही. मला तीच वर्षे जास्त बोलकी वाटतात.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी तेवढी हाती होती. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्याला डोके टेकायला जागा नव्हती. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत दिली, नवल भथेना या मित्राने 5,000 रुपये उसने दिले. 1920 साली, वयाच्या 29 व्या वर्षी, बायकोमुलांना परळच्या चाळीत ठेवून हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. 1921 ला एम. एस्सी., 1923 ला डी. एस्सी. म्हणजे अडले होते ते पैशावर आणि वेळेवर. बुद्धीवर नव्हे! कॉलेज सुटलेल्या आपल्या माणसाला आळशी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हे भोगलेल्या माणसाने पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. शिकून कामावर जाता यावे म्हणून. जोतीरावांनी 1855 सालीच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. श्रीमंताच्या मुलाला शाळेची वेळ कोणतीही चालते. पोटासाठी राबणाऱ्याचे शिक्षण मात्र घड्याळाच्या काट्यावर ठरते.

मी स्वतः 1978 साली, दोन मुलांचा बाप झाल्यावर, सकाळच्या कॉलेजात पुन्हा नाव घातले. पहिले वर्ष नऊ वर्षांपूर्वी झाले होते. पाळी बदलून मागितली तर साहेब म्हणाले, "आता शिकून काय कलेक्टर होणार?" कलेक्टर व्हायचे नव्हतेच. वरची राखीव जागा 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा मारून रिकामी ठेवली जात होती, आणि योग्य म्हणजे पदवीधर, हे मला पक्के ठाऊक होते. रात्रपाळी करून थेट वर्गात बसत असे. शेजारी शिपाई, कारकून, महापालिकेचे कामगार. इतिहासाच्या तासाला निम्मे बाक पेंगत, पण हजेरीला प्रत्येक जण जागा असे.

आमच्या त्या वर्गात संसारी बाई एकही नव्हती. पुरुषाला निदान सकाळ तरी मोकळी मिळाली. तिच्या सकाळी पाणी भरण्यात आणि आमचे डबे करण्यात जात. परळच्या त्या चाळीत रमाईने ओढलेल्या दिवसांचा हिशेब पदव्यांच्या यादीत धरलेला नाही. 1989 मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले, घरी राहून पदवी करण्याची वाट झाली. त्यानंतर आमच्याच चाळीतल्या एका सुनेने, मुलगा दहावीला असताना, बी. ए. चा फॉर्म भरला. मायलेक एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसत.