हेदवीहून पाहिलेली मुंबई

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव बहुतेकांना दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या देवळामुळे ठाऊक असते, नाहीतर किनाऱ्यावरील बामणघळीमुळे. भरतीच्या वेळी खडकातील अरुंद भेगेत लाट शिरते आणि वाट न सापडल्याने उंच उसळते. ते पाहायला माणसे लांबून येतात. आमच्या धर्मग्रामातील नववी-दहावीची मुले घेऊन आम्ही वसईहून तेथे गेलो, ते मात्र यांपैकी कशासाठीही नव्हे. ‘लोकसंख्यावाढ’ आणि ‘नगररचना’ हे दोन विषय मुलांना शिकवायचे होते. नगररचना शिकवायला नगर सोडून खेड्यात कशाला जायचे, असा प्रश्न पालकांच्या सभेत विचारला गेला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर एका स्कॉटिश गृहस्थाची ओळख करून द्यावी लागते.

पॅट्रिक गेडेस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म १८५४ चा. १८९२ साली त्यांनी एडिंबरो शहरातील एक जुना मनोरा ताब्यात घेतला आणि त्याची शाळा केली. पाहुण्याला ते आधी थेट माथ्यावर नेत. तेथून शहर, त्यामागचे डोंगर आणि पुढची खाडी एका नजरेत दिसे. मग एकेक मजला उतरत यायचे. वर एडिंबरोची माहिती, त्याखाली स्कॉटलंडची, आणखी खाली युरोपची आणि तळाशी साऱ्या जगाची. आधी डोळ्यांनी पाहा, मग पुस्तक उघडा, असा हा क्रम होता. त्यांचे दुसरे साधन म्हणजे दरीचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा उभा छेद कागदावर काढायचा आणि कोणत्या उंचीवर कोणत्या धंद्याचा माणूस राहतो ते लिहायचे. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मध्ये मेंढपाळ आणि शेतकरी, शेवटी कोळी. शहर हे या छेदाच्या पायथ्याशी वसते, आणि वरची माणसे ठाऊक नसतील तर ते कळत नाही, असे गेडेस यांचे म्हणणे.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. नकाशे आणि चित्रे गेली. मित्रांनी घाईघाईने दुसरा संग्रह जमवून पाठवला आणि १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरले. पुढे होळकरांच्या इंदुरात प्लेगने कहर केला असता त्यांनी केलेला प्रयोग तर आमच्या मुलांना फारच आवडला. दिवाळीच्या सुमारास त्यांनी शहरात मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की, ज्या भागातील घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या भागातून ती जाईल. लोक झाडून कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. आणि त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेले झाडू घेऊन सफाई कामगार चालत होते. ज्यांची सावलीही टाळली जाई त्यांना मानाची जागा मिळाली. नगररचनेच्या इतिहासात आराखडे पुष्कळ आहेत. अशी मिरवणूक दुसरी आढळत नाही.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग निघाला आणि गेडेस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी निवडायचा तर त्यांनी निबंध लिहून घेतला. मुंबई या नगरावर निबंध लिहिणारा जो तरुण निवडला गेला तो संस्कृतचा एम.ए. होता, आणि त्याचा जन्म १८९३ साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणचा. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचे नाव. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ साली घुर्ये विभागाचे प्रमुख झाले आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुंबईचा अभ्यास कोकणातल्या माणसाने करावा यात आश्चर्य काहीच नाही. त्या काळी मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी साधारण एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला असे.

लोकसंख्येचे शिक्षण मात्र याहून पुष्कळ आधी, आणि फार वेगळ्या रीतीने, आपल्याकडे पोहोचले होते. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असे १७९८ साली मांडणारे थॉमस माल्थस हे अँग्लिकन धर्मगुरू होते. १८०५ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधील महाविद्यालयात शिकवत, आणि हिंदुस्थानात कारभार करायला निघालेले कोवळे अधिकारी त्यांच्यासमोर बसत. त्यांतला एक, रॉबर्ट कीथ प्रिंगल, पुढे पुणे भागात जमीनमोजणीला आला आणि वर्गात शिकलेला खंडाचा सिद्धांत त्याने तेथील काळ्या मातीला लावला. आकडे कागदावर चोख होते. सारा इतका जड झाला की शेते पडीक पडली आणि कुणबी गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना मोजणी नव्याने करावी लागली. हा प्रसंग आम्ही मुलांना मुद्दाम सांगितला. पाठ्यपुस्तकातील आलेखाची रेषा वर जाताना दिसली की माणसे ‘फार’ झाली असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नेमके याच मोहाविषयी सावध केले आहे : थोड्यांच्या अफाट उपभोगाकडे डोळेझाक करून गरिबांच्या संख्येवर बोट ठेवणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय.

मुंबईच्या आकड्यांची रेषा सरळ वर गेलेली नाही, हेही शिकण्यासारखे आहे. १८९१ साली शहरात ८,२१,७६४ माणसे होती. १९०१ साली ७,७६,००६. मध्ये १८९६ चा प्लेग होता. मांडवीत सुरू झालेल्या त्या साथीने लाखो माणसांना गावाकडे पळवले. वांद्रे, गिरगाव या भागांतील गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर आजही जे जुने क्रूस दिसतात त्यांतले कित्येक त्या साथीतले. एकत्र जमण्याची भीती असताना लोक तेथे, दाराबाहेर, प्रार्थना म्हणत. आपल्या आजी-आजोबांनी ज्यांच्यापुढे मेणबत्त्या लावल्या ते हे क्रूस नगररचनेचीही स्मारके आहेत, कारण त्याच साथीमुळे १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. रस्त्यांसाठी ज्यांची घरे पाडली त्या सर्वांना मात्र नवी घरे मिळाली नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळीत दाटीने राहिली. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

अशा एकेका खोलीत कोकणातल्या एकेका गावचे दहा-पंधरा गिरणी कामगार राहत, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. कोनाड्यात ग्रामदेवतेची तसबीर असे. आमच्या गोव्याच्या बांधवांचे धोबीतलावचे ‘कूड’ याच जातीचे. गावाच्या नावाचा कूड, भिंतीला लावलेल्या ट्रंका, समोर वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. जहाजावर नोकरी लागेपर्यंत तरुणाला तेथे थारा मिळे. नगररचनाकारांनी आखलेल्या कुठल्याही नकाशात या खोल्या आणि हे कूड नाहीत, पण शहर टिकले ते त्यांच्यावर. बायका गावी राहिल्या. शेती त्यांनी केली, म्हाताऱ्यांचे त्यांनी केले, आणि दरमहा मनिऑर्डरची वाट पाहिली.

हेदवीत आम्ही मुलांना गेडेस यांचा छेद काढायला सांगितला. वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्याखाली नाचणी-वरीची वरकस जमीन, मग वस्ती, गडगे आणि पाखाड्या. खाली भाताचे मळे, त्यापुढे नारळी-पोफळीची आगरे, शेवटी पुळण आणि समुद्र. नकाशा एका सकाळीत झाला. धंद्यांची नावे लिहिताना मात्र मुले अडली. वरकस बहुतांशी पडीक, गडग्यांवर रान माजलेले, आणि वस्तीत एकामागून एक घर बंद. एका मुलीने कुलपे मोजायला सुरुवात केली आणि वाडी संपण्याआधीच सोडून दिली.

जनगणना हेच सांगते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक माणसे कमी झाली, आणि तीही प्लेगाशिवाय. २००१ साली दर हजार पुरुषांमागे तेथे ११३६ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून, येथे मुलींना फार मान असला पाहिजे, असे एका मुलाने लिहिले. त्याचे उत्तर चुकीचे होते, पण त्याला हसणे आम्हांला जमले नाही. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला होता. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने २०११ चेच आकडे घेऊन आम्ही शिकवत होतो.

त्या पाखाडीवर एका आजीबाईंनी आम्हांला ताक दिले. कुठली मुले, अशी चौकशी झाली. वसईची म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. ‘मग माझा मुलगा तुमच्या शेजारीच की, नालासोपाऱ्याला,’ त्या म्हणाल्या. इमारतीचे नाव त्यांना सांगता येईना. फक्त, पावसात तेथे जिन्यापर्यंत पाणी येते आणि प्यायला मात्र टँकर मागवावा लागतो, एवढे त्यांना ठाऊक होते. गणपतीला तो येतो, तेव्हा कुलपे निघतात.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वसईत आपल्या घरोघरी ‘बाहेरचे लोक’ हा शब्द कसा उच्चारला जातो ते वाचकांना सांगायला नको. १९८९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले तेव्हा आम्हीही रस्त्यावर होतो, आणि त्याचा आम्हांला आजही अभिमान आहे. बावखले बुजवू नका, विहिरींचे पाणी टँकरने उपसू नका, वाड्या तोडू नका, या मागण्या खऱ्या होत्या. १९९० साली सिडकोची नियोजनासाठी नेमणूक झाली, २००९ साली महानगरपालिका आली. २०११ साली वसई-विरार शहरात १२,२२,३९० माणसे राहत होती. इतकी माणसे ज्या जमिनीवर राहिली ती कोणी तरी विकली होती. विकणाऱ्यांत मोर्चात चाललेलेही होते. आमच्याच घरातील भाताची दोन खाचरे एका लग्नासाठी आणि एका परदेशी नोकरीसाठी गेली, आणि तेथील बावखल कोणी बुजवले हे आम्ही कधी पाहायला गेलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी छेद पुन्हा काढला. या वेळी कागद पुरला नाही. त्यांनी दोन जोडले. हेदवीचा सडा डावीकडे ठेवून, मध्ये मुंबईच्या चाळी घेऊन, उजवीकडे ते आमच्या धर्मग्रामापर्यंत आले. आमच्या चर्चच्या मागे एकाने चार मजली इमारत काढली होती आणि तिच्या खाली, पायाच्या जागी, निळ्या रंगाने बावखल रंगवले होते. तळमजल्याच्या दाराशी त्याने एक माणूस उभा केला होता. धंदा या रकान्यात त्याने पेन्सिलीने लिहिले होते : ‘विचारायचे आहे.’