३९ मिलिमीटरचे आटे : परवडणाऱ्या लेन्सचा इतिहास

१८६४ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघाले. पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची शंभर छायाचित्रे त्यात होती. छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांची, वर्णन जेम्स फर्ग्युसन यांचे. गिल म्हटले की आपल्याला अजिंठा आठवतो आणि पारोची कहाणी आठवते. १८४४ साली कंपनी सरकारने त्यांना लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवले. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. गिल १८७९ मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. पण वरच्या पुस्तकात अजिंठ्यापलीकडचा मुलूखही आहे. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची देवळे आहेत.

ही छायाचित्रे ‘स्टीरिओ’ पद्धतीची होती. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन भिंगांतून एकाच दृश्याची दोन चित्रे घ्यायची. दोन्हींमध्ये किंचित फरक असतो. खास चष्म्यातून पाहिले की ती मिसळतात आणि देवळाचा खांब पुढे आल्यासारखा दिसतो. डोळे मिटून-उघडून कोणीही हा प्रयोग करू शकतो. बोट समोर धरा, आधी एका डोळ्याने पाहा, मग दुसऱ्याने. बोट सरकते. वस्तू जितकी जवळ, तितके सरकणे जास्त. म्हणजे सरकण्याचे माप घेता आले, तर अंतराचे माप मिळते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे सगळे मर्म एवढेच आहे. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण पाहतो, दुसरीतून आलेली प्रतिमा आरशाने किंवा प्रिझमने वळवून पहिलीवर टाकलेली असते. लेन्स फिरवत गेलो की ती दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला. लायका एम-३ या प्रसिद्ध कॅमेऱ्यात दोन खिडक्यांमधले अंतर सुमारे ६८ मिलिमीटर आहे, म्हणजे जवळपास माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये असते तेवढेच.

दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते, हा प्रश्न जुना आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाज़िर’ लिहिली. तिच्या सात भागांपैकी तिसऱ्या भागात त्याने एका फळीवर रेघा आखून, त्यावर छोट्या वस्तू ठेवून, कोणती वस्तू एक दिसते आणि कोणती दोन, हे तपासले आहे. आपल्याकडे काही जणांना लगेच ‘कॅमेरा मुसलमानांनी शोधला’ असे म्हणण्याची घाई होते. तशी गरज नाही. इब्न अल-हैसमच्या आधी टॉलेमीने या विषयावर लिहिले होते, त्याचे काम समोर ठेवूनच तो पुढे गेला. मग त्याच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला, १५७२ साली तो बाझलमध्ये छापला गेला आणि युरोपने त्याला ‘अल्हाझेन’ म्हणून वाचले. प्रकाशशास्त्राचा इतिहास असाच आहे. दुसऱ्याची काच घ्यायची आणि आपल्या डोळ्याला लावायची. स्वस्त लेन्सचा इतिहासही याच रस्त्याने जातो.

एक स्क्रू, सगळ्यांचा

जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने १९२५ मध्ये लायका बाजारात आणला. ऑस्कर बारनाकने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा बनवला होता. १९३१ पर्यंत लेन्स बदलण्याचे माप पक्के झाले. ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे, बाटलीच्या झाकणासारखे फिरवून बसवायचे. १९३२ मध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला. लेन्स फिरवली की तिची मागची कडी पुढे-मागे होते, कॅमेऱ्यातला एक बारीक दांडा त्या कडीला टेकलेला असतो आणि तो दुसऱ्या खिडकीतली प्रतिमा हलवतो.

लाइट्झचे भिंग उत्तम होते आणि किंमतही तशीच. पण आटे म्हणजे आटे. ते कोणालाही पाडता येतात. माप जुळले आणि मागची कडी बरोबर घासली, तर लेन्स कोणाची आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही.

पहिली मोठी नक्कल खारकीव्हमध्ये झाली. तिथे अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी एक श्रम-वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिच्याशी जोडलेले होते. वसाहतीला सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख झेर्झिन्स्की याचे नाव होते आणि त्याच्याच आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याला ‘फेड’ म्हटले गेले. १९३४ पासून तिथे लायकाची नक्कल नियमित तयार होऊ लागली. ज्या यंत्रणेच्या नावाने लोक थरथरत, तिच्या नावाचा कॅमेरा बेघर पोरांच्या हातून बनत होता, ही इतिहासाची विचित्र गंमत आहे.

जपानमध्ये १९३६ साली कॅननचा पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्यावरची लेन्स कॅननची नव्हती. तेव्हा ती कंपनी भिंगे बनवतच नव्हती. लेन्स होती निप्पॉन कोगाकूची, म्हणजे पुढे ‘निकॉन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीची निक्कोर. आज या दोन कंपन्यांचे चाहते एकमेकांशी वाद घालतात, तेव्हा ही जन्मकथा आठवून हसू येते.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेले कुंपण पाडले. हरलेल्या जर्मनीचे पेटंट हक्क जेत्यांनी काढून घेतले. मग लायकासारखा कॅमेरा इंग्लंडमध्ये ‘रीड’ नावाने, अमेरिकेत ‘कार्डन’ नावाने आणि जपानमध्ये अनेक नावांनी निघाला. झाइस कंपनीचे येना इथले कारखाने सोव्हिएत ताब्यात गेले. लुडविग बेर्टेलेने आखलेली झाइसची ‘झोनार’ लेन्स रशियात ‘ज्युपिटर’ झाली.

तरी ‘दुसऱ्याची लेन्स म्हणजे दुय्यम’ हा समज टिकून होता. तो हलला १९५० मध्ये. ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या जपानी छायाचित्रकाराने निक्कोर लेन्सने त्याचे चित्र काढून दाखवले. त्यातली स्पष्टता पाहून डंकन कारखान्यात गेला, लेन्स तपासल्या आणि त्या आपल्या लायकावर चढवल्या. कोरियाचे युद्ध त्याने त्याच लेन्समधून टिपले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जपानी लेन्सची दखल घेतली.

१९५४ मध्ये लायकाने आटे सोडून एम-माउंट आणला. पण जुन्या लेन्स निकामी झाल्या नाहीत. दोन्ही मापांत बरोबर एक मिलिमीटरचा फरक ठेवला होता, त्यामुळे एक पातळ कडी मध्ये घातली की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. १९९९ साली जपानच्या कोसिना कंपनीने त्याच ३९ मिलिमीटरच्या आट्यांवर नव्या लेन्स काढल्या. त्यांवर नाव होते ‘फोइग्टलेंडर’, १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या पेढीचे, परवान्यावर घेतलेले. गेल्या दशकभरात शेन्झेनच्या ‘सेव्हन आर्टिझन्स’ आणि ‘टीटी आर्टिझन’ यांनी एम-माउंटसाठी लेन्स बनवायला सुरुवात केली. लायकाच्या एका लेन्सच्या पैशात त्यांच्या कितीतरी येतात.

आपल्याकडे काय आले

या सगळ्यातले भारतात फार थोडे पोहोचले. आयातीवरची बंधने आणि जबर शुल्क यांमुळे स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी कॅमेरा ही चैनच होती. मध्यमवर्गाच्या वाट्याला बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक-३’ आला. साधे भिंग, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे, लेन्स बदलण्याचा प्रश्नच नाही. उटीच्या सरकारी कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ फिल्म बनू लागली. पुढे आखाताची वाट खुली झाली आणि तिकडे कामाला गेलेल्यांच्या पेट्यांतून जपानी कॅमेरे गावोगावी आले. मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये ‘तसवीर काढणे जायज की नाजायज’ ही चर्चा चालू असताना हजच्या पासपोर्टला फोटो लागत होताच. मक्केला जायचे तर आधी स्टुडिओत जाऊन बसावे लागे, आणि बऱ्याच घरांत बुजुर्गांचा एकुलता एक फोटो तोच आहे.

आज परिस्थिती वेगळी आहे. जुनी रशियन किंवा जपानी लेन्स घरबसल्या मागवता येते आणि साध्या अडॅप्टरने मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर चढवता येते. माझी निवड विचाराल तर अशी आहे.

ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ-२. माणसांच्या चेहऱ्यांसाठी. कडा जरा मऊ, चेहरा जिवंत. एक खोड लक्षात ठेवावी. रशियन लेन्सची मागची कडी झाइसच्या मापाच्या परंपरेतली आहे, ती लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. जवळून आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस पुढे-मागे पडू शकतो. घेतल्यावर मोजपट्टी तिरकी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करून एक फोटो काढावा, फरक लगेच समजतो. मिररलेसवर ही अडचण येत नाही, कारण तिथे फोकस थेट पडद्यावर दिसतो.

इंडस्टार-६१, ५५ मिलिमीटर, एफ-२.८. लँथेनमयुक्त काचेची, चार भिंगांची, उन्हाळ्याच्या प्रकाशात धारदार. स्वस्तातली सर्वांत भरवशाची.

कॅननची जुनी ५० मिलिमीटर, एफ-१.८. पितळ आणि धातूचे काम पाहूनच मन भरते. घेताना आतून टॉर्च मारून पाहावे, या लेन्सच्या आतल्या काचेवर धुरकटपणा धरण्याची तक्रार जुनी आहे.

कोसिनाची ३५ मिलिमीटर कलर-स्कोपार, एफ-२.५. बोटभर लांबीची. सैलानीच्या यात्रेसारख्या गर्दीत, जिथे मोठा कॅमेरा पाहून लोक बुजतात, तिथे ही कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि अंधारासाठी टीटी आर्टिझनची ३५ मिलिमीटर, एफ-१.४. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या आत छतावर अप्रतिम कोरीवकाम आहे आणि उजेड मात्र अगदी कमी. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडच्या सोळाव्या शतकातल्या मशिदीतही कमानींच्या आत तोच प्रकार. फ्लॅशने दगड सपाट होतो. इथे मोठे अ‍ॅपर्चर कामाला येते.

नाव कोणाचे

लेन्सच्या पुढच्या कडीवर बनवणाऱ्याचे नाव कोरलेले असते आणि माणसे त्या नावाचे पैसे मोजतात. फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवर ‘लायका’ असे खोटे नाव कोरून विकण्याचा धंदा अजून चालतो. नावाची किंमत इतकी आहे.

पण इतिहासात नाव घालण्याइतकेच नाव पुसण्याचेही प्रकार झाले. १८८५ मध्ये डच अभ्यासक स्नूक हुर्खरोन्ये मक्केत राहिला. तिथल्या सय्यद अब्दुल गफ्फार या हकीमाशी त्याची दोस्ती होती आणि दोघेही छायाचित्रणात रमले होते. स्नूकला काही महिन्यांत शहर सोडावे लागले, कॅमेरा मागे राहिला. अब्दुल गफ्फार यांनी हाजींची, मक्केतल्या लोकांची, काबागृहाची चित्रे काढून त्याला पाठवली. काचेवर त्यांनी अरबीत आपली सही केली होती. १८८९ मध्ये ती चित्रे लायडनला पुस्तकरूपाने छापली गेली, तेव्हा सही खरवडून टाकलेली होती. पुस्तकात ते ‘मक्केचे डॉक्टर’ एवढेच उरले. आज संशोधकांनी ते नाव परत मिळवून दिले आहे, आणि मक्केचे पहिले स्थानिक छायाचित्रकार म्हणून अब्दुल गफ्फार ओळखले जातात. कॅमेरा दुसऱ्याचा होता, नजर त्यांची होती.

गिलच्या काळातल्या वास्तुचित्रांत खांबाशेजारी एखादा गावकरी उभा केलेला अनेकदा दिसतो. तो कशासाठी? खांब किती उंच आहे ते समजावे म्हणून. मोजपट्टीच्या जागी माणूस. त्याचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आपल्या जिल्ह्याचा छायाचित्रांतला इतिहास असा आहे. देवळे आहेत, सरोवर आहे, माणसे बिननावाची आहेत. साखरखेर्डा हे १७२४ च्या लढाईसाठी पुस्तकात येते, कारण तिथे मुबारिझ खानाला हरवून निजाम-उल-मुल्कने दख्खनेत आपली सत्ता पक्की केली. पण त्या गावातले विणकर, तेली, बागवान, खाटीक कसे दिसत, कसे बसत, त्यांची घरे कशी होती, हे विचारले तर दाखवायला चित्र मिळणे कठीण. ज्यांच्याकडे महागडी काच होती त्यांनी आपले विषय निवडले. आपल्याला स्वस्त काच आता मिळाली आहे आणि विषय अजून पुष्कळ शिल्लक आहेत. ज्या काळात जुना कागद आणि जुना फोटो हे माणसाच्या अस्तित्वाचे पुरावे म्हणून मागितले जातात, त्या काळात हा नुसता छंद राहत नाही.

म्हणून लेन्स घेताना एक काम सोबत जोडून घ्यावे. फोटो काढला की त्याच्या मागे पेन्सिलीने, डिजिटल असेल तर फाइलमध्ये, चार गोष्टी लिहाव्यात : माणसाचे नाव, गाव, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव. घरातल्या जुन्या पेटीतले फोटोही बाहेर काढावेत आणि ज्यांना चेहरे ओळखता येतात असे बुजुर्ग हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत. लेन्स कोणत्या कंपनीची होती, ते लिहिले नाही तरी चालेल.