टिळकांचा राजीनामा



टिळक म्हटले की आपल्याकडे एकच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या टिळकांविषयी, नारायण वामन टिळकांविषयी. हेही रत्नागिरीकडचेच, करजगावी 1861 साली जन्मलेले. बाळापुरात बसून नगरच्या ख्रिस्ती कवीची आठवण कशाला, असे कोणी विचारील. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हेत. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. उभा जन्म पगार, बडतर्फी आणि राजीनामा या तीन शब्दांत गेला. त्यामुळे कोणाही मोठ्या माणसाचे चरित्र हाती आले की आम्ही प्रथम हे पाहतो, की याची भाकरी कोणाच्या हातात होती? ख्रिस्ती होणे अवघड होतेच; पण होऊन पुढे इमानाने जगणे त्याहून अवघड का झाले, याचा उलगडा आम्हांस या प्रश्नातून होतो.

प्रथम भाकरी असते ती घरची. 1843 साली मुंबईस नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. प्रकरण कोर्टात गेले आणि कोर्टाने अजाण मुलगा बापाच्या हवाली केला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा जातीने घ्यावा कसा? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावा म्हणणारांत होते. सनातनी मंडळींनी त्यांच्याविरुद्ध काहूर माजविले. एका पोराच्या जेवणाने मुंबई हालली! पुढे 1850 साली कायदा झाला, की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. कायद्याने शेत राखले. पंगतीतले पान राखणे कोणत्या कायद्याला जमणार होते? आणि आपला मराठवाडा तर निजामाचा मुलूख. त्याच मुलखात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्रींनी सालारजंगाकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसविले. गावाने टाकलेल्यांना स्वतःचे गाव हवेच होते.

गावकुसाबाहेरच्या माणसांची गोष्ट याहून निराळी. ब्राह्मणाला बाप्तिस्म्याने इस्टेट गमवावी लागे. महार-मांगांजवळ गमवायला होते ते बलुते. गावकी करावी तर देवळापुढे वाजवावे लागे, मेलेले ढोर ओढावे लागे. सोडावी तर खळ्यावरचा वाटा बुडे. अशा माणसाने प्रार्थनेला जाणे ही काय सोपी गोष्ट होती? त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. म्हणून ज्यांचे लिहिले गेले आहे त्यांच्याकडे वळू.

टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो तुकारामजी नथोजी या देशी पाळकाच्या हातून. गोऱ्या हाताचे पाणी त्यांना नको होते. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पाठोपाठ पंढरपुरास नातेवाइकांकडे त्यांचे दिवस गेले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा! पुढे त्या नगरास आल्या आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ही सारी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात आहे. ते ज्याने वाचले नसेल त्याने आमचे भाषण सोडून ते वाचावे.

नगरास टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत शिकवू लागले. घरची भाकरी सुटली, मिशनची सुरू झाली. येथे आमचे कान टवकारतात. धर्म सांगणारा माणूस पगारी असला म्हणजे त्याच्या बोलण्यावर दोन शंका येतात. बाहेरचे म्हणतात, पोटासाठी बाटला. आणि आत पगार देणारा म्हणतो, आमच्या वहिवाटीने चाल. गोरे मिशनरी ठरविणार आणि देशी ख्रिस्ती राबणार, हा प्रकार टिळकांना सोसवेना आणि ते त्यांनी उघडपणे बोलून व लिहून दाखविले. नरसी येथल्या नामदेवाचे आपण शेजारी. आपल्याला त्यांचे म्हणणे चटकन कळेल. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेनेच आलो, असे ते सांगत. भजन, कीर्तन, अभंग ही त्यांची उपासना. ख्रिस्ती व्हायचे म्हणजे मराठीपण खुंटीला टांगायचे, हे त्यांनी मानले नाही. पंडिता रमाबाईंनीही इंग्लंडात 1883 साली बाप्तिस्मा घेतला, पण काय मानावे हे विलायती गुरुजनांनी आपणास सांगू नये, म्हणून त्या त्यांच्याशी भांडल्या.

आणि 1917 साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली. बावीस वर्षांच्या ओळखीनंतर, उतारवयात, मागे पेन्शन ना जमीन! साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारे बसावेत, अशी कल्पना होती. या धाडसाला फळ आले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईस वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संघटना त्याच्याबरोबर जाते. हे आम्ही आमच्या धंद्यातही पाहिले आहे. तरी राजीनामा फुकट गेला असेही नव्हे. त्यांच्या श्रद्धेला पोटाची शंका लावण्याची सोय कोणाला उरली नाही.

पण संपाची किंमत पुढारी भरत नाही, त्याच्या घरची चूल भरते. लक्ष्मीबाईंचे पाहा. घरी अनाथ पोरे, कवी, पाहुणे. बालकवी ठोमरे नगरास त्यांच्याच घरी राहिले. पैसा आला की टिळक वाटून टाकणार आणि संध्याकाळच्या पिठाची चिंता बाईंनी करायची. नवऱ्यामागे त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. इमान कोणाचे मोठे, हे तुम्हीच ठरवा.

आता तिसरी भाकरी, सरकारची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठरला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली दाखल्याचा धर्माशी संबंध तोडावा असे सांगितले. 2022 साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे: ज्या धर्मात जात नाही असे सांगून माणूस गेला, त्याने जातीची सवलत मागावी कशी? युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण दफनभूमीतही जातीची रांग लागते, ती त्याने पाहिलेली नसते.

म्हणून मजुरांत असे लोक भेटतात, की रविवारी प्रार्थनेस जातात आणि कागदावर हिंदू लिहितात. त्यांना ढोंगी म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही म्हणत नाही. पोराच्या शाळेचा अर्ज भरताना त्या रकान्यापाशी पेन घुटमळते, ते आम्ही शेजारी बसून पाहिले आहे. आणि अर्ज पुष्कळदा आम्हीच भरून दिला आहे.