खानदेशातील परसबाग

खानदेशातील परसबाग म्हणजे महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत घराच्या अंगणात, परसात किंवा वाड्यात कुटुंबाच्या रोजच्या गरजेपुरता भाजीपाला, फळे आणि मसाल्याच्या वनस्पती पिकवण्याची पद्धत होय. कमी पाऊस आणि कडक उन्हाळा असलेल्या या प्रदेशात अशी बाग प्रामुख्याने दोन गोष्टींवर टिकून राहिली : मोरीतून वाहून जाणारे पाणी आणि घरी राखलेले बियाणे. बंद गटारे, फरसबंदी केलेली अंगणे आणि विकतचे संकरित बियाणे यांमुळे हे दोन्ही आधार क्षीण झाले आहेत. कुटुंबाच्या, विशेषतः स्त्रिया व बालकांच्या पोषणाच्या दृष्टीने परसबागेचे महत्त्व मात्र आजही कायम आहे.

नाव व स्वरूप

'परस' किंवा 'परसू' म्हणजे घरामागील मोकळी जागा. त्यावरून 'परसबाग' हा शब्द रूढ झाला. जुन्या पद्धतीच्या घरात पुढील अंगण सडा-रांगोळी, तुळशीवृंदावन आणि धान्य वाळवणे यांसाठी राखलेले असे, तर भाजीपाल्याची जागा न्हाणीजवळ म्हणजे मागील बाजूस असे. दाट वस्तीच्या गावठाणात घरांना परस फारसा नसतो. अशा वेळी गुरांच्या वाड्यात किंवा शेताच्या बांधावर भाजी लावली जाते. शहरांलगतच्या नव्या वसाहतींमध्ये भूखंडावर घर बांधताना पुढे सोडलेली जागा हीच बहुधा सर्वांत मोठी मोकळी जागा असते. त्यामुळे तेथे परसबाग प्रत्यक्षात अंगणात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात आली आहे. बागेची जागा बदलली तरी नाव मात्र परसबाग असेच राहिले आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागात पावरा, भिल्ल व तडवी समाजाच्या वस्त्या आहेत. पाड्यांवरील घरे एकमेकांपासून अंतर राखून, पुष्कळदा स्वतःच्या शेतातच बांधलेली असतात. तेथे घर, कुंपण आणि भाजीची लागवड यांत स्पष्ट सीमा नसते. दोडका, दुधी व वाल यांचे वेल कुंपणावर आणि छपरावर चढवलेले आढळतात.

हवामान व जमीन

तापी व तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत हा प्रदेश वसला आहे. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात जळगाव व भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जाते. नदीकाठची जमीन खोल व काळी असते. ही माती पाणी धरून ठेवते, भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. म्हणून पावसाळ्यात भाजी सपाट वाफ्यात न लावता गादीवाफ्यावर किंवा सरीच्या वरंब्यावर लावणे हिताचे ठरते. मुरमाड अंगणात शेणखत व गाळाची माती मिसळल्याशिवाय पालेभाजी नीट येत नाही.

हंगाम व पिके

खानदेशात 'आखाजी' या नावाने साजरा होणारा अक्षय्य तृतीयेचा सण ऐन उन्हाळ्यात येतो. या दिवशी आळी करून वेलभाज्यांचे बी लावण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. पावसाच्या आधी रुजलेला वेल पहिल्या सरीबरोबर जोमाने वाढतो, हा त्यामागील अनुभव होय. मात्र तोपर्यंत त्याला हाताने पाणी घालावे लागते.

पावसाळ्यात गिलके (अन्यत्र घोसाळे), दोडका, कारले, दुधी, डांगर (लाल भोपळा, यालाच गंगाफळ असेही म्हणतात), भेंडी, गवार, चवळी व अंबाडी ही पिके घेतली जातात. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कांद्याची व लसणाची पात, टोमॅटो, वांगी आणि वालाच्या शेंगा घेतात. मेथी व पालक साधारणतः महिनाभरात कापणीस येतात. म्हणून सर्व बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने लहान वाफ्यांत पेरल्यास पालेभाजी सतत मिळत राहते. कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, हादगा, गवती चहा व पुदिना ही झाडे-झुडपे वर्षभर उपयोगी पडतात. यांखेरीज तांदुळजा, घोळ व चिवळ या भाज्या वाफ्यात आपोआप उगवतात. जाणकार गृहिणी त्यांना तण समजून उपटून टाकत नाहीत.

हिवाळ्यातील वांग्याला खानदेशात विशेष स्थान आहे. भरितासाठी वापरले जाणारे वांगे आकाराने मोठे, फिकट हिरव्या रंगाचे, पांढऱ्या छटांचे व कमी बियांचे असते. 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी कुटुंबे चंपाषष्ठीपासून ते पुन्हा खाऊ लागतात. पऱ्हाटीवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात हे भरिताचे मुख्य साहित्य असून ते सर्व परसबागेत होऊ शकते.

पाण्याची सोय

पारंपरिक परसबागेचा नकाशा पाणी ज्या दिशेने वाहते त्यावरून ठरत असे. न्हाणीचे पाणी उघड्या चरातून प्रथम केळी व अळू यांकडे, तेथून पुढे पपई किंवा शेवग्याकडे आणि उरलेले वेलांच्या आळ्यांकडे जाई. भाजी, डाळ व तांदूळ धुतलेले पाणी वेगळे साठवून कोवळ्या रोपांना घातले जाई. पाण्याची अशी काटकसर खानदेशाला नवी नाही. पांझरा खोऱ्यातील 'फड' ही नदीचे पाणी बंधाऱ्यांवरून वळवून सामुदायिकरीत्या वाटून घेण्याची जुनी सिंचनपद्धत प्रसिद्ध आहे.

मोरीचे पाणी वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. शौचालयाचे पाणी त्यात मिसळू नये. कपड्यांच्या साबणाचे व धुण्याच्या पावडरीचे पाणी सतत दिल्यास जमिनीतील क्षार वाढतात. काळ्या जमिनीत त्यांचा निचरा लवकर होत नाही. असे पाणी केळीसारख्या झाडांच्या मुळाशी द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना देऊ नये. पाणी साचू दिल्यास डासांची पैदास होते, म्हणून चर वाहता ठेवणे आवश्यक असते. उन्हाळ्यात वाफ्यावर केळीची वाळलेली पाने किंवा पालापाचोळा पसरल्यास बाष्पीभवन कमी होते. सकाळी लवकर अथवा सूर्यास्तानंतर पाणी देणे श्रेयस्कर असते.

बियाणे

घरचे बियाणे राखणे हे परंपरेने स्त्रियांचे काम होते. वेलावरील सुरुवातीचे जोमदार फळ न तोडता पूर्ण जून होऊ देतात. दुधी वा गिलके वाळवून आतील बी काढतात, ते सावलीत सुकवतात आणि राखेत मिसळून मडक्यात किंवा वाळलेल्या दुधीच्या पोकळ कवचात ठेवतात. राखेमुळे ओल व कीड दूर राहते. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी पेरल्यास सर्व रोपे मूळ वाणासारखी निपजत नाहीत. त्यामुळे असे बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते. एखाद्या कुटुंबाने दोन-तीन वर्षे बी राखले नाही, की त्या घरातील वाण संपतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (तालुका अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बियाणे बँक उभारून या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले. त्यांच्या कार्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

खत व कीड-नियंत्रण

शेणखत, स्वयंपाकघरातील ओला कचरा व पालापाचोळा यांचे कंपोस्ट आणि गांडूळखत ही परसबागेची मुख्य खते होत. मावा व तुडतुडे यांवर पाच टक्के निंबोळी अर्क उपयुक्त ठरतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीचे चूर्ण पाण्यात रात्रभर भिजवून गाळतात आणि अर्क एक लिटर होईल एवढे पाणी मिसळून संध्याकाळी फवारतात. शेंडे व फळे पोखरणारी अळी वांग्यावर आढळल्यास कीडग्रस्त शेंडे खुडून नष्ट करतात. घरालगतच्या बागेत विषारी कीटकनाशके वापरणे मुलांच्या दृष्टीने धोकादायक असते. चवीला कडू लागणारा दुधी खाऊ नये अथवा त्याचा रस पिऊ नये. त्यातील कुकुरबिटासिन या घटकांमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते.

आहारातील महत्त्व

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता; पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज ३०० ग्रॅम भाज्या खाव्यात आणि त्यांत ५० ग्रॅम पालेभाज्या असाव्यात. या हिशेबाने पाच प्रौढांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे साडेसात किलो पालेभाजी लागते. उन्हाळ्यात भाव वाढले की पालेभाजीच प्रथम ताटातून कमी होते. नेमकी तीच भाजी कमी जागेत व कमी दिवसांत घरी होऊ शकते. शेवग्याचा पाला, अंबाडी व तांदुळजा यांतून लोह, कॅल्शियम व अ-जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये मिळतात. जेवणात लिंबू असल्यास वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. केवळ परसबागेने रक्तक्षय दूर होत नाही. परंतु लोहाच्या गोळ्या व पुरेशा आहाराला तिची जोड मिळते.

शासकीय व संस्थात्मक उपक्रम

महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने ('उमेद') स्वयंसहाय्यता गटांतील महिलांमार्फत पोषण परसबागांची मोहीम राबवली आहे. त्यात मध्यभागी खतखड्डा व भोवती सात वाफे अशी वर्तुळाकार रचना प्रचलित आहे. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक वाफा, अशी त्यामागील कल्पना आहे. शालेय पोषण आहारासाठी शाळांच्या आवारातही परसबागा केल्या जातात. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद व पाल येथे आणि धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या परिसरात कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

सद्यःस्थिती व अडचणी

बंद गटार योजनेमुळे गावाची स्वच्छता वाढते, मात्र मोरीचे पाणी झाडांकडे न जाता थेट गटारात जाते. सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घातलेल्या अंगणात पाणी मुरत नाही आणि आळे करण्यास माती उरत नाही. उन्हाळ्यात अनेक वसाहतींत नळाला दररोज पाणी येत नसल्याने पिण्याचे पाणी झाडांना घालणे परवडत नाही. मोकाट गुरे, डुकरे आणि सातपुड्यालगत वानरे यांपासून संरक्षणासाठी कुंपण लागते. गटाराला जोडण्यापूर्वी न्हाणीच्या नळीला बागेकडे जाणारी एक शाखा ठेवणे, अंगणाची एक कड मातीची राखणे आणि प्रत्येक हंगामात निदान एक फळ बियाण्यासाठी वेलावर सोडणे, एवढ्या तीन गोष्टींनीही परसबाग टिकू शकते.