अर्जातलं शून्य

भाड्याचं घर शोधताना नाव सांगितलं की फोनवरचा आवाज बदलतो, हे मी अनुभवलंय. तोंडावर नकार कुणी देत नाही. ‘कालच गेलं हो,’ एवढंच. म्हणून अमेरिकेतल्या हार्टफर्डचा खटला वाचताना तो परका वाटला नाही. तिथे नकार चक्क सरकारी अर्जात, आकड्यात लिहिला होता.

ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर सही केली. तोवर शहरांना निरनिराळ्या योजनांतून सुटे सुटे पैसे मिळत. ते एकत्र करून ठोक अनुदान सुरू झालं. रस्ते, गटारं, मोडकळीला आलेल्या घरांची दुरुस्ती... यातलं काय करायचं ते बरंचसं गावानंच ठरवायचं. अट एक होती. अर्जासोबत घरांचा आराखडा द्यायचा. गावात आज राहणाऱ्या गरिबांना किती घरं हवीत ते त्यात लिहायचं आणि पुढे किती गरीब कुटुंबं इथं राहायला येण्याची अपेक्षा आहे, तेही लिहायचं.

माझ्या मते कायद्याचा जीव या दुसऱ्या रकान्यात होता. गरीब एकीकडे आणि सधन दुसरीकडे, अशी वस्त्यांची फाळणी कमी करणं हा कायद्याचा घोषित हेतूच होता. उपनगरात कामाला येणाऱ्या माणसाला तिथेच राहता यावं, हा त्याचा साधा अर्थ.

हार्टफर्ड ही कनेक्टिकट राज्याची राजधानी. कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन गरिबांची मोठी वस्ती शहरात, आणि भोवती बहुतांशी गोरी उपनगरं. ग्लॅस्टनबरी, वेस्ट हार्टफर्ड, फार्मिंग्टन अशा सात गावांनी अनुदान मागितलं. त्यांपैकी सहा गावांनी त्या रकान्यात लिहिलं: शून्य. म्हणजे आमच्याकडे एकही गरीब कुटुंब यायचं नाही! गृहनिर्माण खात्यानेही ते चालवून घेतलं. पहिलंच वर्ष आहे, आकडे नंतर बघू, असा खाक्या.

हार्टफर्ड शहर कोर्टात गेलं. जानेवारी १९७६ मध्ये न्यायाधीश ब्लूमेनफेल्ड यांनी सातही गावांना ते पैसे वापरायला मनाई केली. माझ्या माहितीत, शेजारच्या गावांचं अनुदान शहरानं असं रोखल्याची उदाहरणं फार नाहीत. हार्टफर्डचा हेतू निव्वळ निःस्वार्थ होता असं मात्र नाही. उपनगरांचे अडलेले पैसे पुन्हा वाटले गेले तर त्यातला वाटा आपल्याला मिळेल, हा हिशेब त्यांच्या युक्तिवादात उघडच होता.

तोच हिशेब अंगलट आला. १९७७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं निकाल फिरवला. तो वाटा मिळेलच याची खात्री नाही, तेव्हा हार्टफर्डला दाद मागण्याचा अधिकारच नाही, असं पीठाचं म्हणणं पडलं. मनाई उठली. ते शून्य खरं होतं की खोटं, या प्रश्नाला त्या निकालानं हातच घातला नाही.