अल्लाउद्दीनच्या दिव्याचा प्रवास

नगरहून बीडकडे जातांना आष्टी हें गांव लागतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. येथला माणूस कचेरीची पायरी चढला कीं तालुका, जिल्हा, हुकूम, वकील हे शब्द त्याच्या तोंडीं येत आणि आजही येतात. हे सारे मूळचे अरबी. निजामाच्या पदरीं हद्रमौतकडील अरब शिपाई होते. मराठ्यांच्या दौलतींतही त्यांचीं पथकें होतीं. १८१८ सालीं मालेगांवचा किल्ला इंग्रजांविरुद्ध झुंजविला तो अरबांनींच. म्हणजे अरब हा आपणांस परका नव्हता.

मग आपल्या मनांतला अरब दिवा, राक्षस आणि उडता गालिचा घेऊन येतो, तो कोठून?

आंत्वान गालां या फ्रेंच पंडितानें १७०४ पासून अरबी कथांचें भाषांतर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अल्लाउद्दीन व अलीबाबा यांच्या गोष्टी मात्र त्याच्या हस्तलिखितांत नव्हत्या. अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब नांवाच्या तरुणानें १७०९ सालीं पॅरिसमध्यें त्या त्यास तोंडीं सांगितल्या. गालांच्या रोजनिशींत हन्नाचा उल्लेख आहे; छापील ग्रंथांत नाहीं. पुढें त्या कथा फ्रेंचमधून इंग्रजींत गेल्या, आणि इंग्रजीवरून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं त्या सुरस मराठींत उतरविल्या. दारांतल्या अरबाची गोष्ट आपणांस अशी पॅरिस-लंडनच्या वाटेनें मिळाली!

त्यानंतर अमेरिकेची पाळी आली. १९२४ सालीं डग्लस फेअरबँक्सनें 'बगदादचा चोर' हा बोलपट-पूर्व काळांतला भव्य चित्रपट काढला. त्यांतलें बगदाद कॅलिफोर्नियांत उभारलेलें होतें. मुंबईंत होमी वाडियांनींही १९५२ सालीं अल्लाउद्दीनला पडद्यावर आणिलें. १९९२ सालीं डिस्ने कंपनीचा 'अल्लाद्दीन' निघाला व त्यानें जगभर पन्नास कोटी डॉलरांवर उत्पन्न मिळविलें. आरंभींच्या गीतांत अरबभूमि म्हणजे कान कापणारांचा देश, असें वर्णन होतें. अमेरिकेंतील अरब नागरिकांनीं हरकत घेतली, तेव्हां १९९३ सालीं तो चरण बदलला. त्या भूमीस रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला.

येथें व्यापाराची एक खुबी ध्यानांत यावी. गोष्ट कोणाच्याच मालकीची नाहीं. पण कंपनीनें रंगविलेलें चित्र कंपनीच्या मालकीचें. तेंच चित्र बाहुलींतून आणि दप्तरांतून घरोघर पोंचतें, आणि मूल त्यालाच अरब समजूं लागतें. कथा सांगणाऱ्या हन्नाचें नांव मात्र कोणाच्या ओठीं नाहीं.

चित्रपट पाहूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. पण त्या गोष्टींतला जादूगार 'जुने दिवे द्या, नवे घ्या' असें ओरडत फिरतो, आणि घरांतलीं माणसें जुन्या दिव्याचें मोल न जाणतां तो देऊन टाकतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या बोलींतले अरबी शब्द, मालेगांवचा तो वेढा, हन्नाचें नांव, हा आपला जुना दिवा होय. मुलांना गोष्ट सांगतांना तोही एकदां उजेडांत धरावा.